आंघोळीचं पाणी आणि गिझरची वीज: मोठा शॉवर, प्रेशर पंप, घरची विहीर. नेमकं काय बदलावं?

परसदार

नमस्कार मंडळी. घर दापोली तालुक्यात, खाडीपासून साधारण अर्ध्या किलोमीटरवर. भिंती जांभ्याच्या, वर कौलं, मागचं न्हाणीघर तेवढं स्लॅबचं. स्लॅबवर १००० लिटरची काळी टाकी, विहिरीचं पाणी पंपाने त्यात चढतं. माणसं पाच, त्यात दोघं सत्तरीपुढची. मे महिन्यात आणि गणपतीत मुंबईहून माणसं येतात तेव्हा आकडा दहा-बारावर जातो.

न्हाणीघरात ८ इंची गोल शॉवर बसवलेला आहे. टाकी फारशी उंच नाही म्हणून लाईनवर छोटा प्रेशर पंप. गिझर २५ लिटरचा, २ किलोवॅटचा, न्हाणीघरापासून लांब, स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीवर. सकाळी साडेपाचला चालू होतो तो नऊ-साडेनऊला बंद. तरी पहिल्या माणसाची आंघोळ संपता संपता पाणी कोमट होतं आणि पुढच्याला अर्धा तास थांबावं लागतं. एप्रिलपासून विहीर तळाला जाते आणि शेवटी शेवटी पाणी मचूळ लागतं.

५० लिटरचा गिझर घ्या असं दुकानदार सांगतो. घरातली मोठी माणसं म्हणतात शॉवर काढून टाका, बादली बरी. पाणी तापवायचा सोलर बसवावा का, हाही प्रश्न आहेच. खर्च करायच्या आधी नेमकं काय तपासावं?

मोजपट्टी

५० लिटरचा गिझर आत्ता घेऊ नका. आधी बादली आणि घड्याळ घ्या. शॉवर रोज जेवढा उघडता तेवढाच उघडा, खाली २० लिटरची बादली धरा आणि भरायला किती सेकंद लागतात ते बघा. १२०० ला त्या सेकंदांनी भागलं की मिनिटाला किती लिटर ते निघतं. मग गरम पाण्याचा नळ सकाळी पहिल्यांदा उघडून, हाताला ऊन लागेपर्यंत किती पाणी वाहून जातं तेही तांब्याने मोजा. हे दोन आकडे इथे टाका, बाकीचं त्यावरून ठरेल.

तोवर हिशोबाची रीत सांगतो. १ लिटर पाणी १ अंशाने तापवायला १ किलोकॅलरी लागते आणि विजेचं १ युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. किती लिटर गुणिले किती अंश, भागिले ८६०, एवढंच गणित. अंगाला बरं वाटणारं पाणी ४० अंशांच्या आसपास असतं. कोकणात जानेवारीच्या पहाटे टाकीतलं पाणी २३ अंश धरा, म्हणजे १७ अंश चढवायचे. पावसाळ्यात २६-२७ धरा. एप्रिल-मेमध्ये स्लॅबवरच्या काळ्या टाकीतलं पाणी संध्याकाळी आपसूकच ३५ च्या वर असतं, तेव्हा गिझरचं बटण दाबायचं कारणच नसतं.

एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. पाणी उपसायला वीज फारच थोडी लागते, सगळी वीज जाते ती तापवण्यात. १००० लिटर पाणी १५ मीटर वर चढवायला, पंपाची सगळी गळती-घसट धरूनसुद्धा पाव युनिटाच्या आतच काम होतं. तेच १००० लिटर १७ अंशांनी तापवायला जवळजवळ २० युनिटं लागतात. म्हणून वीज वाचवायची तर आंघोळीतलं गरम पाणीच कमी करायला हवं. त्यात विहिरीचं पाणी आपोआप वाचतं.

परसदार

मोजलं. बादली ८५ सेकंदांत भरली. ऊन पाणी येईपर्यंत ५ लिटर गेलं. आंघोळीला माणशी पाच मिनिटं शॉवर चालू असतो.

मोजपट्टी

म्हणजे मिनिटाला १४ लिटर. पाच मिनिटांत ७०. जानेवारीत ७० × १७ = ११९० किलोकॅलरी, म्हणजे एका आंघोळीला जवळजवळ १.४ युनिट, पाच जणांची सुमारे ७.

गिझरचं कोडंही यातच सुटतं. २५ लिटर पाणी ६० अंशांवर असेल तर त्यात २३ अंशांचं गार पाणी मिसळून ४० अंशांचं ५४ लिटर होतं. आंघोळ चालू असताना २ किलोवॅटची कॉईल आणखी सात-आठ लिटरपुरती उष्णता देते. बेरीज ६० च्या थोडी वर, आणि तुम्हाला हवं ७०. शेवटी कोमट होणारच. मग गिझरमधलं पाणी पुन्हा २३ वरून ६० वर न्यायला अर्धा तास लागणारच. गिझरमध्ये बिघाड काही नाही, शॉवर त्याच्या ताकदीपेक्षा जास्त ओततो आहे.

हाच शॉवर मिनिटाला ६ लिटरवर आणला आणि साबण लावताना बंद ठेवून पाणी चार मिनिटं वापरलं, तर २४ लिटर. विजेचं अर्धं युनिटसुद्धा नाही. पाच जणांचं मिळून अडीच युनिटांच्या आत. एका भरण्यात दोन आंघोळी न थांबता होतील, तेही आहे त्या गिझरवर.

घरातल्या मोठ्यांसाठी: बादलीत १८ ते २० लिटर पाणी मावतं. ६ लिटरचा शॉवर चार मिनिटं वापरला तर तो बादलीच्या जवळपासच येतो. बादली काटकसरीची ठरते ती पाणी डोळ्यांपुढे असतं म्हणून. वयस्कर माणसांनी मात्र स्टुलावर बसून बादली-तांब्यानेच करावी, किंवा हातातला शॉवर घ्यावा. ओल्या लादीवर उभं राहून डोळे मिटणं त्यांना सोसत नाही.

एवढंसं आणखी. खेड्यांतल्या नळयोजना माणशी दिवसाला ५५ लिटर धरून आखतात, त्यात पिणं, स्वयंपाक, धुणी, भांडी सगळं आलं. आत्ताची तुमची एक आंघोळच ७० लिटरची आहे.

नळतोटी

मोजपट्टी यांचा हिशोब बरोबर आहे, पण ६ लिटर म्हणून पाण्याची धार आवळणारी नुसती चकती घालाल तर फसाल. ८ इंची शॉवरला शंभरावर भोकं असतात. मिनिटाला ६ लिटर पाणी एवढ्या भोकांत वाटलं गेलं की धार राहत नाही, पागोळ्या गळाव्यात तसे सुटे थेंब पडतात. अंगावरचा फेस जात नाही, माणूस जास्त वेळ उभा राहतो, आणि वाचलेलं पाणी तिथेच गेलं. आधी तोंड बदला: ३ ते ४ इंची, बारीक भोकांचा शॉवर, किंवा त्याहून बरा हँड शॉवर. चकती त्यानंतर. ती अर्ध्या इंची आट्यांत, शॉवर आणि पाईपच्या मध्ये वॉशरच्या जागी बसते. ६ आणि ८ लिटरच्या मिळतात. तुमच्याकडे पंप आहे म्हणून ६ ची चालेल.

हे वाचणाऱ्या, पंप नसलेल्यांसाठी वेगळं सांगतो. १० मीटर उंचीला १ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब मिळतो. टाकीचा तळ शॉवरच्या २ मीटर वर असला तर दाब ०.२ किलोच. हवा मिसळून धार फुगवणारे जे शॉवर काटकसरीचे म्हणून विकतात, त्यांना साधारण १ किलो दाब लागतो. कोकणातल्या बैठ्या घरात ते नुसते ठिबकतात. अशा घरात साधा शॉवर मुळातच मिनिटाला पाच-सहा लिटर देत असतो. तिथे बदलायला काहीच नको, भोकं साफ ठेवा म्हणजे झालं.

बिनखर्चाची तोड आज करून बघा. मिक्सरकडे, म्हणजे गार-गरम पाणी मिसळणाऱ्या नळाकडे, येणाऱ्या गार आणि गरम अशा दोन्ही लाईनींचे अँगल कॉक (लाईन बंद करायचे छोटे नळ) सारखेच थोडे थोडे बंद करा. बादली लावून मोजा. ८ लिटरवर आलं की तिथेच सोडा. एकच कॉक आवळलात तर दाब विषम होतो आणि मिक्सर बोटभर हलवला तरी पाणी एकदम चटका देतं नाहीतर एकदम गार.

साबण लावताना बंद करायचं तर हँड शॉवरच्या दांड्यावरच्या बटणाने करू नका, असा माझा आग्रह आहे. मिक्सर उघडा आणि टोक बंद अशा स्थितीत दोन गोष्टी होतात. एक, दोन लाईनींत दाबाचा थोडा जरी फरक असला तरी गरम पाणी मिक्सरमधून गार लाईनीत शिरतं, मग उघडल्यावर पाण्याचा अंदाज चुकतो. दुसरं, पंपाचा पूर्ण दाब त्या लवचिक पाईपवर राहतो आणि दोन्ही टोकांच्या दाबलेल्या जोडाशी तो फुटतो. मिक्सरनेच बंद करा. बटणच वापरायचं असेल तर गार आणि गरम दोन्ही लाईनींवर एकेक एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) घाला.

आता ते ५ लिटर. पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणाऱ्या प्लास्टिकच्या) पाईपमध्ये मीटरला पाव लिटरहून किंचित जास्त पाणी मावतं, अर्ध्या इंचीत जेमतेम ०.१२ लिटर. तुमची लाईन १४-१५ मीटर पाऊण इंची असणार: पाईपातलं गार पाणी पावणेचार लिटर, वर पाईप तापेपर्यंत आणखी लिटरभर. दोन आंघोळींत पंधरा मिनिटांचं अंतर पडलं की पाईप पुन्हा निवतो, म्हणजे आधी तापवलेलं पाणी वायाच. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे गिझरच न्हाणीघराच्या भिंतीवर आणणं. लाईन २ मीटरवर येते, ती अर्ध्या इंचीची टाका, वाया जाणारं पाणी पाव लिटर. जागा नसेल तर निदान गरम लाईनीवर ९ मिलिमीटर जाडीची काळी फोमची नळी चढवा, आणि आंघोळी एकामागोमाग एक उरका. उघड्यावरची फोम उन्हाने दोन वर्षांत भुसभुशीत होते, तिच्यावर टेप गुंडाळा.

गिझर हलवताना वायरीकडेही बघून घ्या. २ किलोवॅटला २.५ चौ.मि.मी. तांब्याची वायर, १६ अँपियरचा एमसीबी (जास्त प्रवाहाला पडणारा स्विच), आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच तोडणारा स्विच) हवाच हवा. जांभ्याच्या कातळात अर्थिंग मुळातच नीट लागत नाही, आणि एप्रिलमध्ये खड्डा सुकला की उरलंसुरलंही जातं. आरसीसीबी अर्थिंग कमकुवत असतानाही जीव वाचवतो. तरी अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात आठवड्याला कळशीभर पाणी घालत जा.

पाणचूल

गिझर साडेपाच ते नऊ चालू ठेवण्याचं कारण कळलं नाही. पूर्ण तापला की थर्मोस्टॅट तोडतो हे खरं, पण पाणी निवतं आणि तो पुन्हा पुन्हा जोडतो. जुना गिझर दिवसभर नुसता चालू ठेवला तर पाणी न वापरताच अर्धं ते एक युनिट जातं. पहिल्या आंघोळीच्या पस्तीस मिनिटं आधी चालू, शेवटच्या माणसाने बंद, एवढं पुरे. व्होल्टेज कमी असलेल्या गावात वेळ वाढवून धरा: २३० च्या जागी १९० व्होल्ट आले तर २००० वॅटची कॉईल १३६५ वॅटच देते आणि अर्ध्या तासाचं काम पाऊण तासावर जातं. वीज मात्र तेवढीच लागते, व्होल्टेज पडलं म्हणून बिल उतरत नाही.

थर्मोस्टॅट ७०-७५ वर असेल तर ५५-६० वर आणा. त्याहून खाली नको, आणि कोमट पाणी गिझरमध्ये चार-चार दिवस साठवू नये, त्यात जिवाणू वाढतात.

सोलरबद्दल. पाच माणसांना १०० लिटरचा पुरतो, काचेच्या नळ्यांचा असेल तर सहसा १० नळ्या. तोंड दक्षिणेला, कल २७ ते ३० अंश. ऑक्टोबर ते मे तो विजेचं काम जवळजवळ संपवतो. जून ते सप्टेंबर त्याच्या भरवशावर राहू नका. आणि इथेच लोक चूक करतात: पावसाळ्यासाठी म्हणून सोलरच्या टाकीतच हीटरची कॉईल बसवून घेतात. दोन जणांच्या आंघोळीसाठी १०० लिटर तापवायचं म्हणजे २६ वरून ६० ला ४ युनिटं. त्याऐवजी सोलरचं पाणी आहे त्या गिझरमधून पुढे न्या. ऊन असेल तेव्हा थर्मोस्टॅट कॉईल लावतच नाही, ढगाळ दिवशी उणीव तेवढी भरून काढतो. गिझरच्या कंपनीला एवढं विचारून घ्या की आत किती गरम पाणी घातलेलं चालतं.

तुमच्या बाबतीत अडचण प्रेशर पंपाची आहे. साध्या सोलरची टाकी दाबाची नसते. पंपाच्या पुढे जोडलीत तर तिच्या सांध्यांतून पाणी येतं. एक तर दाबाचा सोलर घ्या, जो महाग पडतो, नाहीतर गार टाकी सोलरच्या टाकीपेक्षा दोन फूट उंच स्टँडवर चढवून पंप काढून टाका. छोट्या तोंडाच्या शॉवरला तेवढी उंची पुरते. मी दुसरं करीन. सोलरच्या टाकीची हवेची नळी गार टाकीच्या काठाच्याही वर न्यायला विसरू नका.

कौलांवर सोलर चढवू नका. भरलेली टाकी आणि सांगाडा मिळून दीडशे किलोच्या घरात जातो, वासे-रीपा त्यासाठी नसतात. न्हाणीघराच्या स्लॅबवरच, आणि माडाच्या झावळीखाली नाही. नारळ पडला की नळ्यांचा चुरा होतो. वानरं येत असतील तर वर जाळी टाकावी लागेल, सावली थोडी पडते पण इलाज नाही. सांगाडा साध्या पत्र्याचा नको, खाऱ्या वाऱ्यात तीन-चार पावसाळ्यांत गंजतो. आणि भर दुपारी, नळ्या कोरड्या तापलेल्या असताना त्यांत गार पाणी सोडू नका, तडकतात. पहाटे भरा.

आता जे कोणी सांगत नाही ते. तुमच्या परसात माड असतील तर पाणी तापवायचा बंब अजून मोडीत काढू नका. सोडणं (नारळाची सालं), करवंट्या, पिढे (झावळीचे जाड देठ), झापं हे सगळं घरचं. गणपतीत बारा माणसांचं पाणी तापवायला त्याच्यासारखं दुसरं नाही, कारण वरून गार ओतत राहिलं की तोटीतून ऊन येतच राहतं. जळण पावसाआधी आगोटीलाच पडवीत किंवा मांगरात भरून ठेवायला हवं, ओलं सोडण नुसतं धुमसतं आणि आतल्या नळकांड्यात काजळी धरतं. काजळीचा थर चढला की तेवढ्याच पाण्याला जास्त जळण लागतं, म्हणून महिन्यातून एकदा नळकांडं घासा. सोडणाने जाळ धरला की करवंट्या टाका, त्यांचा विस्तव टिकतो. रिकामा बंब चुकूनही पेटवू नये, सांध्यांची झाळ सुटते. आणि न्हाणीघराला वर झरोका हवाच, दार-खिडकी लावून आत पेटवायचा नाही. गॅसच्या गिझरलाही हाच नियम: तो न्हाणीघराच्या बाहेरच्या भिंतीवर. बंद खोलीत विषारी वायू साचतो, त्याला वास नसतो आणि माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध पडतो.

खाडीकाठ

पाण्याच्या जातीकडे अजून कोणी वळलं नाही. पाण्याचा आणि विजेचा खर्च तिथेही वाढतो.

जांभ्यातल्या विहिरीचं पाणी पावसाळ्यानंतर मऊ असतं आणि थोडं आम्लाकडे झुकलेलं. मऊ पाण्यात साबण चटकन फेसाळतो, पण अंग बुळबुळीत लागतं आणि साबण गेलाच नाही असं वाटून माणूस तांब्यावर तांब्या ओततो. साबण कधीच गेलेला असतो. अशा पाण्यात साबण अर्धाच लावा. एप्रिल-मेमध्ये मचूळ झालं की उलटं: फेस येत नाही, साबण जास्त लागतो आणि अंगाला चिकटून राहतो. तेव्हा शेवटचे दोन तांबे साठवलेल्या गोड्या पाण्याचे घ्या.

मचूळ पाणी गिझर खातं. आतल्या टाकीला वाचवायला एक अ‍ॅनोड रॉड असतो, मॅग्नेशियमचा. टाकीऐवजी तो झिजतो. गोड्या पाण्यात दोन-तीन वर्षं जातात, खाडीकाठी वर्षातच बोटाएवढा जाड रॉड तारेसारखा होतो. दरवर्षी पावसाळा संपल्यावर उघडून बघा. वीज आणि पाणी बंद, टाकी रिकामी, मग खालची प्लेट सोडायची. रॉडची आतली तार दिसायला लागली की बदला. प्लेटचा गॅस्केटही त्याच वेळी नवा घाला, जुना पुन्हा बसवला की पाझरतो. कॉईलवर पांढरा थर दिसला तर खरवडू नका. एक लिटर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व घालून तासभर बुडवा. सोलर घेतलात तर टाकी कुठल्या स्टीलची हे विचारा. ३०४ ला खाऱ्या पाण्याने बारीक भोकं पडतात, ३१६ एल बरं.

शॉवरच्या भोकांत तांबूस गाळ बसतो तो लोहाचा. जांभ्यात लोह भरपूर. त्यालाही हेच लिंबूसत्त्वाचं पाणी, पण अर्ध्या तासापेक्षा जास्त नको, नाहीतर वरचा चकाकता मुलामा जातो. अर्धी भोकं बुजली की उरलेल्या धारा वाकड्या उडतात, पाणी अंगावर कमी आणि भिंतीवर जास्त. टाकीच्या बाहेर येणाऱ्या लाईनीवर जाळीचा फिल्टर बसवला की महिन्याला जाळी धुतल्याने काम भागतं.

गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून तापताना थेंब थेंब येतात, ती गळती समजून लोक तिथे बूच मारतात. ते कधीही करू नका. २५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर गेलं की फुगून एक तृतीयांश लिटर जास्त होतं. गार लाईनीवर एनआरव्ही असेल तर ते पाणी तिथूनच बाहेर पडायला हवं. नळतोटी यांनी सांगितलेला एनआरव्ही गिझरला येणाऱ्या गार लाईनीवर बसवलात तर हे थेंब सुरू होतील, तेव्हा घाबरू नका. खाली डबा ठेवा. गिझर थंड असतानाही ठिबकत राहिला तरच व्हॉल्व्ह बदलायचा.

मोरीचं पाणी गटारात सोडू नका. पाच आंघोळींचं सव्वाशे लिटर पाणी म्हणजे परसातल्या केळी, अळू आणि दोन-तीन माडांची सोय. मोरीच्या पन्हळीखाली दोन फूट खोल खड्डा, त्यात खाली जांभ्याचे तुकडे, वर वाळू, तिथून चर काढून माडाच्या आळ्यात. आळ्यात सोडणं पालथी पसरून ठेवा, ओल धरतात. विहिरीपासून मात्र हे सगळं १५ मीटर तरी लांब हवं. जांभा चाळणीसारखा असतो, आज सोडलेलं साबणाचं पाणी उद्या रहाटाखाली येईल.

परसदार

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन्ही अँगल कॉक आवळून आत्ता मोजलं, बादली १५० सेकंदांत भरली, म्हणजे ८ लिटर. मोठा शॉवर काढून ४ इंची लावतोय आणि गिझर न्हाणीघरात हलवतोय. एक शंका राहिली. पंप काढला तर टाकी नेमकी किती उंच करावी?

नळतोटी

उभ्या माणसाच्या डोक्यावर शॉवर साडेसहा फुटांवर येतो. त्याच्यापासून टाकीच्या तळापर्यंत निदान ८ फूट मोजा, १० मिळाले तर उत्तम. स्लॅब बहुतेक ९-१० फुटांवर असेल, म्हणजे वर ५ ते ६ फुटांचा स्टँड लागेल. भरलेली टाकी १००० किलोच्या वर जाते, म्हणून स्टँडचे पाय स्लॅबच्या मध्यावर नको, भिंतींच्या रेषेवर. टाकीतून खाली येणारी लाईन सव्वा इंची ठेवा, न्हाणीघरात शिरताना पाऊण, आणि शॉवरपाशी अर्धा. दाब उंचीने मिळतो, पण बारीक पाईप आणि चार फालतू एल्बो तो वाटेतच खातात. स्टँड करायच्या आधी पंप बंद करून, त्याच्या बाजूने तात्पुरता पाईप जोडून, नव्या ४ इंची शॉवरखाली बादली लावा. आत्ताच मिनिटाला ५ लिटर आले तर स्टँडची उंची निम्मी केली तरी चालेल.